वेशीतून आत

भिशी लागली. बावीस हजार.
पाकीट कीबोर्डखाली ठेवलंय,
त्यामुळं स्पेसबार जरा उंच झालाय
आणि दोन दिवस माझी उडी चुकतीये.

शीतल म्हणतो, कार्ड घे.
पाणी पाण्यासारखं दिसंल,
गवताचं पातं न् पातं वेगळं हलंल.
शीतल माझा धाकटा भाऊ.
त्यानं आधी आरसे घेतले, मग बुलेट.

राजारामपुरीत मगदूम काउंटरवर दोन्ही मांडतो:
एक मोठं खोकं, त्यावर ड्रॅगन,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली
बिस्किटाएवढी एक जुनी चिप.
“मुलगा कितवीत आहे?”
“मुलगा नाही. मीच आहे.”
तो ड्रॅगन माझ्याकडं थोडा आणखी सरकवतो.

रात्री साडेदहा. आईची गोळी झाली,
की हेडफोन लावून मी म्हणते, “आलो.”
आमच्याकडं बायकाही आलोच म्हणतात.
त्यात माझा आवाज घोगरा.
नाशिकचा एकजण तीन वर्षं मला दादा म्हणतोय.
मीही दुरुस्त केलं नाही,
दादाला तो जास्त दारूगोळा देतो.

घोडा डोंगरावर काढला की सगळं सरळ चालतं.
जोतिबावरून पन्हाळा दिसावा तसे
एकामागून एक कडे येत राहतात,
कुठं धक्का नाही.
पण वेशीतून आत शिरले, बाजार लागला,
की मासे विकणारी हात वर करते, मला बोलावल्यासारखा,
आणि तो वरच राहतो.
कोंबडी हवेत.
पाव सेकंद.
मग सगळे एकदम घाईघाईनं पुढं सरकतात.

त्या पाव सेकंदात मी किती वेळा मेले
ते नाशिकला विचारा.

उद्यमनगरात फौंड्रीत मी डिस्पॅच बघते, अकरा वर्षं झाली.
मालकांनी मागं मोठी भट्टी आणली. नारळ, पेढे, फोटो.
साचे भरायला मात्र तोच एकटा बाबासो.
माल होता तेवढाच निघाला,
लोखंड लाडलमध्ये वाट बघून साय धरायला लागलं.
मी रजिस्टरात लिहिलं: उशीर, कारण साचे.
तेरा महिने तेच लिहिलं.
सही रोज व्हायची.

म्हणून काल मी चित्र मुद्दाम खराब केलं.
रिझोल्यूशन उतरवत नेलं,
गवत काढलं, सावल्या काढल्या,
नदीचा निळा पत्रा झाला.
कार्डाला काही कामच उरलं नाही, पंखासुद्धा गप्प.
गेले वेशीतून आत.
हात वरच.
कोपऱ्यातला आकडा एकतीस.
आधीही एकतीसच होता.

म्हणजे डोंगर दाखवणारा दमला नव्हता.
दमला होता माणसं चालवणारा,
चार कोरांचा, आठ वर्षांपूर्वीचा,
कोण कुठं वळणार, कुणाला भूक लागणार,
कोंबडी नेमकी कधी खाली येणार,
सगळं एकटाच तोंडी हिशेबानं.

तरी खरं सांगते, दुकानात परत गेले
तेव्हा पहिला हात ड्रॅगनलाच लागला.
खोकं जड होतं. जड वस्तू घरी नेली
की खर्च केल्यासारखं वाटतं.

“ही चिप तुमच्या बोर्डात बसंल,” मगदूम म्हणाला,
“साडेसहा हजार. गॅरंटी तोंडी.
पण फरक दिसणार नाही बघा डोळ्याला.”

शीतल फोनवर हसला. एवढ्याशासाठी भिशी?
उरलेले कीबोर्डखाली परत ठेवलेत,
स्पेसबार अजून उंचच आहे, पण कमी.

रविवारी वाटाण्याएवढी पेस्ट लावली,
श्वास धरून पंखा दाबून बसवला,
पहिल्यांदा सुरूच होईना, रॅम हलली होती.
दुसऱ्यांदा झालं.

“आलो,” म्हणाले, आणि आत गेले.
पाणी होतं तसंच. गवत तसंच.
कोंबडी खाली आली आणि चालायला लागली.
मासे विकणारीचा हात वर गेला,
वळला, खाली आला, परत वर.

ती मला बोलवत नव्हती.
माश्या हाकलत होती.