घोडचूक

सकाळी सहा चाळीसला पहिला डाव.
दहा मिनिटं माझी, दहा त्याची.
तो म्हणजे कुणी एक. नावात चार आकडे,
शेजारी ओळखू न येणारा झेंडा.
त्याच्याकडे आत्ता रात्र असेल किंवा भर दुपार.
मी विचारत नाही, तोही नाही.

माझं नाव तिथं 'दाढवाला'.
मल्हारगंजात, जिन्याखालच्या लॅबमध्ये
मी बावीस वर्षं कवळ्या करतो.
कुणाकुणाचे जबडे प्लास्टरमध्ये ओतून
बोटांना कळतं आता,
वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठं टेकते.
पटावर बोटांना काही कळत नाही.

शिकवलं विपट मास्तरांनी, नारायणबागेत,
देशी नियमांनी:
प्यादं एकच घर,
आणि राजाला, शह बसायच्या आत,
जन्मात एकदा घोड्याची उडी.
फोनवर पहिल्याच डावात
राजाला उडवायला गेलो.
बोटाखाली तो उचलला गेला, थरथरला,
परत जागेवर येऊन बसला.
तीनदा.
मग हरलो.

माझी शैली म्हणाल तर हावरी.
दिसलं प्यादं की उचललं.
हत्ती शेवटपर्यंत कोपऱ्यात, दाखवायचे दात.
चावायला घोडे पाठवतो, तेही अवेळी,
आणि डाव संपला की यंत्र लाल अक्षरांत सांगतं:
बाविसावी चाल, घोडचूक.
एकतिसावी चाल, घोडचूक.
हा शब्द ज्यानं पहिल्यांदा उच्चारला
त्यानंही आपला उजवा घोडा
असाच, चहा पिता पिता, घालवला असणार.

आणि वजीर. वजीर मी देत नाही.
समोरच्यानं वजिराला वजीर भिडवला
की मी पळतो,
पळता पळता दोन प्यादी सांडतो.
हेमराज खांद्यावरून बघतो, हातात मेणाची पट्टी:
"भिया, वजीर को तिजोरी में रख दो."

आठशे चौदापासून सुरुवात.
वर्षानं नऊशे. दोन वर्षांनी नऊशे दोन.
मग एका दिवाळीत ओळीनं अकरा हरून
सातशे नव्वद.
सुमेधा म्हणाली, शेअर असेल तर विकून टाका.
विकला नाही. आज एक हजार त्रेसष्ट.
घरात हा आकडा कुणाला पाठ नाही.

आज एक हत्ती वर होतो.
घड्याळात बावन्न सेकंद.
त्यानं वजीर माझ्या वजिरासमोर आणला,
आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी
कचरागाडीचं गाणं वाजलं.
घाबरायला वेळच नव्हता.
घेतला. त्यानंही घेतला.
दोन्ही वजीर पटाबाहेर जाऊन बसले
आणि पट एवढा मोकळा दिसला
की मी तसाच क्षणभर उभा राहिलो,
एका हातात ओला, एका हातात सुका.

खाली अठ्ठेचाळीस पायऱ्या. वर अठ्ठेचाळीस.
गाडीवाल्यानं सुक्यातून लिंबाची साल शोधून काढली,
माझ्याकडे बघितलं.
वर आलो तेव्हा शून्य.
वेळेवर हार. आठ गुण गेले.

तरी यंत्राला विचारलं.
ते गोल गोल फिरलं, थांबलं.
चाळीस चालींत लाल कुठंच नाही.
पुन्हा वरून खाली बघितलं. नाही.
सुमेधाला सांगावंसं वाटलं,
पण मग हरलो कसा तेही सांगावं लागलं असतं,
आणि ती लिंबाची साल.

लॅबमध्ये कुणा आजोबांची कवळी तयार होती.
जबड्यांच्या मध्ये निळा कागद धरून
टक टक केलं.
डावीकडच्या दाढेवर एक ठिपका उमटला,
जास्त लागतंय तिथं.
मशीन चालू केलं.
तेवढंच घासायचं.
हेमराजनं विचारलं, "आज क्या हुआ, भिया?"
मी म्हटलं, वजीर दिला.