कुसळं

दुर्बीण तीन दिवसांसाठी आली अमरावतीहून,
जीपमध्ये, दोन गाद्यांच्या मध्ये निजून.
झेंड्याच्या ओट्यावर उभी केली,
मार्गशीर्षातली सकाळ, दहाचं ऊन.
तिच्यातून सूर्याचा एकच रंग आत येतो,
हायड्रोजनचा तांबडा.
बाकीचा उजेड उशिरा आलेल्या पोरांसारखा
फाटकाबाहेर.

मुली पाहून गेल्या. पिकलं बोर, म्हणाल्या.
मग गुरं तळ्याच्या पाळीवर सोडून डोमाजी आला,
धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं.
डोळा लावला, मागे सरला, चोळला.
"बाई, डोयात गेलं काई?"
पुन्हा लावला.
"नाई. याच्याच आंगाले कुसयं हायेत."

सोळा वर्षं मी नववीला वर्णगोल शिकवते,
एका वर्तुळाभोवती दुसरं वर्तुळ,
खडू मोडेपर्यंत.
कडेला केसाळ काही असतं हे मीही
आजच पाहिलं.
एकेक कुसळ जवळजवळ पृथ्वीएवढं उंच,
दहा मिनिटांत उगवून विझणारं.
डोमाजी म्हणाला, मंग चारा कोन खाते?

पश्चिमेच्या कडेजवळ एक काळा दोरा होता.
त्याला ते दावं वाटलं, तुटून पडलेलं.
तिसऱ्या दिवशी सूर्य फिरला
आणि दावं कडेवर गेलं,
काळ्या आकाशासमोर लाल कमान होऊन उभं.
तेच ते, मी सांगितलं. उजेडापुढे काळं दिसायचं.
तो बराच वेळ वाकूनच राहिला.
"जागा बदलली फकस्त."

तंबाखू मळताना त्याने विचारलं,
बाकीच्या चांदण्याईले असतेत का कुसयं?
असतील. पण तिथवर नजर जात नाही.
त्यांचा उजेड पट्टीसारखा ताणतात
आणि कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषांच्या तळाशी
थोडी धग शोधतात.
कॅल्शियम म्हणजे, मी त्याच्या डबीकडे बोट केलं,
हाच. चुन्यातला.
त्याने अंगठ्याचं नख उन्हात धरलं,
पांढरं, चिरलेलं.
तारा म्हातारा झाला की सावकाश फिरतो,
रेषेतली धग उतरते,
हे सांगायचं मी टाळलं.
त्याचा गुडघा आधीच दुखत होता.

जीप गेली. ओट्यावर तिच्या तीन पायांचे
तीन गोल राहिले, ते पोरींनी लंगडीला घेतले.
डोमाजी अजून रोज गुरं सोडताना
फाटकाशी थांबतो, वर न पाहता विचारतो,
"आज दावं कोठी असन, बाई?"
मला माहीत नसतं.
मी म्हणते, मागच्या बाजूला.