अबू बूरफा

दम्मामच्या स्टेशनात ह्यांनी तिकिटं दोनदा मोजली.
दोनच होती.
सोळा वर्षं इथं काढून
इथल्या आगगाडीत आज पहिल्यांदा बसत होते,
माझ्याइतकेच नवखे,
फक्त शर्टाला इस्त्री जास्त कडक.

पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी
आणि डबाभर बेदाणे,
तासगावच्या शेडमध्ये मीच निवडलेले, एक नंबर.
हाताची सवय डोळ्याला लागलीय,
समोर येईल त्याची मी प्रत लावते.
तासभर वाळू एकाच प्रतीची दिसली.
मग फरक कळायला लागला:
ही राखेची, ही गव्हाच्या कोंड्याची,
ही उंटाच्या पाठीवरून आत्ता झटकलेली.

"हुफूफचा वाडा कसाय आतनं?"
"आतनं नाही बघितला."
"आणि रियाधचा किल्ला?"
"त्याच्या शेजारी गेलोय की एकदा,
एसीचा कॉम्प्रेसर बदलायला. मागच्या दारानं."

हुफूफला खजुराची बनं उतरणीला लागलेली,
मधून पाटाचं पाणी, तेवढं ओळखीचं.
बाजारात पांढऱ्या कमानींखाली
मी एक खजूर बोटांत दाबून बघत होते,
तर आतून एक म्हातारा हात पसरून उठला,
"अबू बूरफा!"

आणि हे हसले.
मला वाटायचं ह्यांचं हसू मी सगळं बघितलंय,
रजेच्या तीस-तीस दिवसांत मावेल तेवढं.
हे घशातून आलं, खुलं,
कुणाची तरी मस्करी परत करणारं.
मग भराभर अरबी,
हातवारे, भाव पाडणं, गालाला गाल.
मी खजूर हातात धरून उभी,
परक्या माणसाच्या दुकानात
परक्या माणसाबरोबर आल्यासारखी.

"काय म्हणाला तो?"
"काही नाही. नाव घेतलं."
"कुणाचं?"
"माझं." मग जरा थांबून,
"प येत नाही त्यांना. व पण नाही.
आल्या वर्षी पोरीचा फोटो दाखवला होता,
वीस दिवसांची होती.
तेव्हापासून सगळे हेच म्हणतात.
पूर्वाचा बाप."

मी ह्यांचं नाव घेतलंय ते उखाण्यात,
तेही लोकांनी दार अडवून धरलं म्हणून.
आणि पूर्वा, आता सोळाची,
फोनवर बापाशी दोन वाक्यं बोलते.
दुसरं, "ठेवते."

रियाधच्या किल्ल्याच्या दारात
भाल्याचं टोक अडकलेलं आहे, शंभरावर वर्षं.
लोक वाकून फोटो काढत होते.
आमच्या चौकटीत एक खिळा आहे,
पहिल्यांदा निघताना ह्यांनी छत्रीसाठी ठोकलेला.
छत्री कधीच मोडली.
खिळा काढायला मी कुणाला सांगितलं नाही.
हे मी तिथं बोलले नाही,
गर्दी होती.

उत्तरेची गाडी दुसऱ्या स्टेशनावरून सुटते.
टॅक्सीवाल्याशी परत अरबी, परत हसू,
ह्या वेळी मी थोडं ओळखलं.
गाडीत हे खांद्यावर डोकं टाकून झोपले.
कानामागचे केस पांढरे,
ती प्रत मी लावली नाही.

हाइलला वारा होता.
टेकडीवरच्या मातीच्या गढीकडे
हे पुढे पुढे चढत निघालेले,
मागं न बघता, कामावर चालल्यासारखे.
मला दम लागला.
"अहो" वाऱ्यात विरलं, दोनदा.
तिसऱ्यांदा मी जोरात हाक मारली,
"अबू बूरफा!"

पायऱ्यांवरची दोन पोरं खिदळली.
हे गर्रकन वळले, धावतच खाली आले,
तोंड उतरलेलं. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले.
"बेदाण्याचा डबा गाडीतच राहिला."