कारीट

दिवाडीत नरकासुर जळतो पहाटे,
आमच्या घरी मात्र तो आदल्या संध्याकाळीच येतो,
पहिल्या सुतळी बॉम्बसोबत,
आणि बांगडा कपाटामागे जातो.

बांगडा म्हणजे कुत्रा.
पाठीवर करड्या तिरप्या रेघा, म्हणून नाव.
रायबंदरच्या धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगात सापडला,
वास अजून तोच आहे, असं हे म्हणायचे.
गेल्या दिवाळीत हे होते.
यांनी पाय धरायचे, मी कान,
मधे तो थरथरायचा,
चालू गिरणीच्या पत्र्यासारखा.

पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आहे :
अर्धी, धमाक्याच्या तासभर आधी.
धमाका कुठे वेळ सांगून येतो?
उंड्यात लपवून दिली.
उंडा खाल्ला त्याने,
गोळी लादीवर ठेवली, ओली, स्वच्छ.
मग कानात कापूस, रेडिओ मोठा, पंखा पाचवर,
आणि मी लादीवर, हात कपाटामागे घालून.

नऊला साईश आला वर्गणीला,
बोटांना नरकासुराच्या कागदाची खळ.
रोज बांगड्याला बिस्किट घालणारा तोच.
काखेत दहा हजारांची माळ.
म्हटलं, बाबा, जरा वडाकडे लाव.
हो काकी, म्हणाला,
आणि शब्दाला जागला, वडाकडेच लावली.
आवाजाला कुठे कळतं
वड कुठे नि घर कुठे.

साडेअकराला कपाटामागे नुसता कापूस होता.

टॉर्च घेतला. चपला राहिल्या.
बांध, खाजनाची वाट, कपेलाच्या पायऱ्या,
बांगड्या, बांगड्या,
पोरं हसली : मध्यरात्री बांगडे विकते म्हातारी.
इनासिनबाय खिडकीत उभी,
शालीत मांजर गुंडाळून.
म्हणाली, "आमच्या फेस्ताला तुझा पळतो,
तुझ्या दिवाळीला माझी अंथरुणात मुतते.
तक्रार कोणी कोणाकडे करायची?"
आणि खिडकीतून आपल्या सपाता दिल्या, एक नंबर मोठ्या.

धक्क्यावर फेरीबोट लागलेली.
शेवटची फेरी होऊन गेलेली,
तळातलं पाणी उपसायला इंजिन तेवढं चालू.
कायतान खलाशाने काही न विचारता
हनुवटीने खाली दाखवलं.
तापल्या लोखंडाला पाठ लावून,
त्या धडधडाटात, जिथे मला माझी हाक ऐकू येईना,
बांगडा झोपला होता.

भीत नाही? मी ओरडून विचारलं.
"हा आवाज थांबत नाही ना, बाय," कायतान म्हणाला.
"थांबून थांबून येतो, त्याचं भय."

मी बसले तिथेच, तेलकट दोराच्या वेटोळ्यावर.
मांडवीपलीकडे आतषबाजी उमलत होती,
रंग आधी, आवाज मागून.
त्या दोहोंच्या मधे
झोपेतही बांगड्याचा एक कान वळायचा.
ती मधली जागा मला ठाऊक आहे.
यांच्या दोन खोकल्यांमधे
मी सात महिने तिथेच राहिले होते.

चारला कायतानने इंजिन बंद केलं.
बोलला, सॉरी बाय, सरकारी डिझेल.

घरी आलो तेव्हा साईश दारात,
तोंडभर काजळी, हातात बिस्किटाचा पुडा.
काही बोलला नाही. मीही नाही.
बांगड्याने बिस्किट घेतलं नाही,
त्याच्या बोटांचा वास घेतला, बराच वेळ,
आणि आत गेला.

न्हाणं झालं. तेलाचा वास घरभर.
पोहे पाच तऱ्हांचे नाही केले,
दोनच, गुळाचे नि ताकातले.
तुळशीपुढे कारीट ठेवलं, हिरवंगार,
डावा अंगठा उचलला.
हे मागून गोविंदा म्हणायचे, जरा जास्तच मोठ्याने.
उंबऱ्यावर बांगडा, डोळे माझ्या पायावर.
कारिटाचा आवाज तो केवढा. फट्. एवढासा.

अंगठा बाजूला टेकवला.

नरकासुर यंदा आमच्याकडे मेलेला नाही.
तुळशीपाशी आहे अजून,
पिवळा पडत चाललाय एका अंगाने.
बांगडा येता-जाता हुंगतो त्याला
आणि पुढे जातो.