खडे बाजार

नावातच आहे म्हणा. खडे.
बावीस वर्षं मी ह्या बाजारात उभी आहे,
इरकल, शहापुरी, कांजीवरम,
घड्या मोडते, घड्या घालते.
"गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही,
दुकान झोपल्यासारखं दिसतं"
हे अण्णांच्या वडलांचं वाक्य.
अण्णांना गल्ल्यासकट वारशात मिळालं.

आधी डाव्या पोटरीवर एक निळी रेघ आली.
शांताक्का म्हणाली, शीर चढली असेल, तेल चोळ.
चोळलं.
रेघ जाड झाली, वळली, गाठी मारत खाली गेली,
जुन्या पदरातली जर उसवून वर यावी तशी.
रात्री दीडला पाय असा आखडायचा
की ओरडायच्या आधी मी उशी चावायची.
मग घोट्याजवळ तपकिरी डाग, खाज.
परकर दोन बोटं लांब शिवले.
लग्नात, बारशात, पंगतीत
पाय पोटाशी ओढून बसायला शिकले.

हिरेमठ डॉक्टरबाईंनी मला उभं करून पाय तपासले.
हसूच आलं, इथंही उभं.
मशीनवर रक्ताचा आवाज ऐकवला:
सूं, आणि उलटा सूं.
"वर जायचं रक्त खाली घसरूलालंय.
शिरेत झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या."
मला लगेच समजलं.
दुकानाचं तिसरं शटर.
खीळ झिजलीय,
वर ढकला, आपलं आपण खाली येतं.
आणि ढकलणारी कोण, तर पोटरी.
चाललीस तरच ती पिळते, चढवते.
तू उभी, तर तीही नुसती उभी.

"भाळ होत्त निंद्रब्याड्री," बाई म्हणाल्या,
मग तेच मराठीत, मग हातवारे करून.
मी म्हटलं, तिन्ही भाषांत कळलं.
अण्णांना कुठल्या भाषेत सांगू?

आता सकाळी, पाय जमिनीला टेकायच्या आत,
पायमोजे चढवते. घट्ट.
मोठ्या उशीला लहान खोळ घालावी तसे, खेचत खेचत.
दुपारी काउंटरमागं टाचा उचलते, वीसदा.
गिऱ्हाइकाला वाटतं, वरच्या फळीवरचं काढूलालीय.
रात्री दोन उशांवर पाय.
नवरा विचारतो, काय राणीसरकार?
शिरा आहेत तिथंच आहेत.
लेसरचं दिवाळीनंतर बघू.
पण पाय झोपतो.

सोमवारी रविवार पेठेतून एक स्टूल आणलं.
लाल, प्लास्टिकचं, एकशेऐंशी रुपये.
ठेवलं. बसले.
अण्णा चष्म्यावरून बघत राहिले,
मी घडी घालत राहिले.
बसून घातली तरी घडी घडीच होते.

मंगळवारी आले, तर स्टूल माळ्यावर.
कुणी ठेवलं, कुणाला माहीत नाही.
शिडी लावली, काढलं.
(चढउतार पोटरीला चांगली, बाईच म्हणाल्या होत्या.)
बुधवारी परत माळ्यावर.
परत शिडी.

आज गुरुवार.