हवा कथा जास

धरणगावात एप्रिलची शाळा साडेअकराला सुटते.
त्याआधी स्थायू, द्रव, वायू उरकायचे होते मला.

बर्फ मुस्तकीम आणणार होता,
अब्बांच्या गोळ्याच्या गाडीवरून, गोणपाटात गुंडाळून.
स्टेशनपासून धावत आला तरी
पोचला तेव्हा हातात ओलं गोणपाट
आणि सुपारीएवढा खडा.
"निघालो तेव्हा एवढा होता, बाई,"
त्याने दोन्ही हात पसरले, गोणपाट खाली पडलं.

खडा फरशीवर ठेवला. बावीस डोकी वाकली.
मी "स्थायू" म्हणेपर्यंत स्थायू संपला होता.
मग द्रवही आटत गेला,
कडांकडून आत, आत,
शेवटी फरशीवर नुसता एक स्वच्छ गोल.
"बरफ कथा ग्या?" मागून भोयांचा चेतन.
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
तिथे निंब, पंचायतीची टाकी,
जिनिंगच्या पत्र्यांवर थरथरणारं ऊन.
बराच वेळ शोधत होते. खरंच.
मला हसू आलं, आणि मग राहिलंच ते.

पुढचा प्रयोग बादलीतला.
पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा,
पेला उपडा, सरळ पाण्यात, सरळ वर.
कागद कोरडा.
"पेल्यात काय होतं?"
"कागद."
"अजून?"
"काहीच नाही, बाई."
मी पेला पाण्यातच तिरका केला.
भुळुक, भुळुक.
"हे बघा तुमचं काहीच नाही."
किती हसले. मग फळ्यावर नियम लिहिला:
एका जागी, एकाच वेळी, दोन वस्तू राहू शकत नाहीत.
सतरंजीवर रोज भांडणाऱ्यांना
हे लगेच पटलं.

घंटेला वीस मिनिटं होती म्हणून
शरीराचा तक्ताही उघडला.
डावं फुप्फुस वाळवीने खाल्लेलं,
त्यातून मागची भिंत दिसते.
हवा इथून आत, अशी खाली, इथे भरते.
फुगवा छाती.
एकवीस छात्या फुगल्या, कुणाचं तरी बटण उडालं.
दीपमाला महाजन तशीच बसून,
तक्त्यातल्या भोकाकडे बघत.

"मन्हा बापनी छातीमा कापूस शे, बाई.
मंग हवा कथा जास?"

लोटनभाऊंना मी ओळखते.
पालकसभेला उंबऱ्याबाहेरच उभे राहतात,
भुवयांवर पांढरा तंतू,
बोलण्याआधी खोकतात,
आणि कधी कधी खोकूनच जातात, न बोलता.
माझ्या हस्तपुस्तिकेत लिहिलंय:
विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करावे.

मी म्हटलं, कापसात जागा असते गं,
बोंड फुटलं की बघ, अर्धी हवाच असते त्यात.
हे खोटं नव्हतं.
तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही,
लक्षात ठेवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली.
मुठीत कापूस, घरच्या उशीतून काढलेला,
सरकी नीट वेचलेली.
बादली तिनेच भरली. पेल्यात कापूस
अंगठ्याने दाबून दाबून बसवला.
मी हजेरी घेत होते, अर्धं लक्ष तिकडे.
पेला उपडा. पाण्यात. तिरका.
ओठ हलत होते, मोजत होती ती.
मग कापूस काढून, पेला पुसून,
रिकाम्या पेल्याचेही मोजले.

वही माझ्यापुढे ठेवली.
रिकामा पेला: एकवीस.
कापूस घातलेला: सतरा.
"चार कमी शेतस, बाई."
एवढंच. जाऊन जागेवर बसली,
ओल्या बाह्या गुडघ्यांवर वाळत घालून.

बाहेर जिनिंगचा भोंगा झाला.
मी दोनदा वजाबाकी तपासली.
मग लाल पेनने बरोबरची खूण केली,
तारीख घातली, सही केली,
आणि वही परत द्यायला
जरा वेळ लागला मला.