मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

ऑल्डरफर्ड गावात, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी,
ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही सातजण
जुन्या वस्तीचं तोंड जुनंच राहील याची काळजी घेतो.
सहाजण बोलतात. मी लिहिते.
सदतीस वर्षं. आधी टाइपरायटरवर,
आता लॅपटॉपवर, ज्याची एक कळ अडकते.

विषय एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत कोणी नाही.
कायम होतं.

विषय दोन: हलीमो वार्सामे, मिल स्ट्रीट, चहा आणि समोसे.
पाटी लाकडी, दोन फूट बाय तीन,
आतून दिवा नाही, अक्षरं हाताने रंगवलेली,
सगळं नियमात. फक्त रंग.
किस्मायोच्या समुद्राचा, ती म्हणाली.
प्रेस्कॉट डनलीव्हीने चष्मा कपाळावर सरकवला
आणि मान्य रंगांचा पंखा उघडला:
एकशे बारा पट्ट्या, लापशी, शिसं, तीन प्रकारचं शेवाळ.
समुद्र होता त्यात, पण आमचा. करडा.
"अठराशे सत्तरमध्ये इथे हा रंग नव्हता."
"मीही नव्हते," हलीमो म्हणाली.
हशा इतिवृत्तात लिहीत नाहीत.
ओडील तेरिओने खालून सातवी पट्टी ओढली,
तांब्याच्या गंजाची, होड्यांच्या बुडाला लावायचे ती,
आणि दोघी दिव्याखाली ती तिरकी करत राहिल्या,
साडीच्या दुकानात बायका करतात तशा,
असं ज्यांनी साड्या पाहिल्यात ते म्हणतील. मी नाही पाहिल्या.
सूचक तेरिओ, अनुमोदक डनलीव्ही. चार विरुद्ध दोन.

विषय तीन: विनिफ्रेड ट्रास्क, चर्च हिल, घर नऊ.
समोरच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा.

इथे एकदम भट्टीची घरघर ऐकू यायला लागली.
कारण भिंतीवर ऑर्विल ट्रास्क आहे, फ्रेममध्ये,
बावीस वर्षं अध्यक्ष, तिचा नवरा.
त्याच्या खिशात एक फोटो असायचा, एकाहत्तरचा,
म्हणजे अठराशे एकाहत्तरचा, चर्च हिलची अख्खी रांग.
फोटोत आहे तर आहे.
फोटोत नाही तर नाही.

मला पान माहीत आहे.
एकोणनव्वद, ऑक्टोबर, पान चौदा.
अर्जदार आर्मां थिबोडो, घर अकरा,
कागदगिरणीतून निवृत्त, डावा गुडघा.
कठडा नामंजूर. फोटोत दिसत नाही.
टंकलेखन माझं. खाडाखोड नाही.
त्यानंतर आर्मां मागच्या दाराने ये-जा करायचा,
कचऱ्याच्या डब्यांना धरत धरत.
शेवटचा तेवढा पुढच्या दाराने गेला,
सहाजणांनी उचलून.

मी वही उघडली नाही.
कोणी विचारलं असतं तर उघडली असती,
असं मी स्वतःला सांगते.

विनिफ्रेड खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.
"ऑर्विल नाही म्हणाला असता.
त्या रात्री मी मागच्या रांगेत विणत बसले होते,
मोज्याची टाच वळवत.
मला वाटलं होतं, बरोबर बोलतोय."
मग पर्समधून तिने तोच फोटो काढला,
कोपरे मऊ झालेला.
"माझ्या पायऱ्यांवर बाई आहे बघा, हललेली,
धुरासारखी. तिचा हात बघा कुठे आहे."

भिंग फिरलं. डनलीव्हीकडे जरा जास्त वेळ थांबलं.
हात एका पोराच्या खांद्यावर होता.
"कठडा तेव्हाही होता," विनिफ्रेड म्हणाली,
"पुढे तो उंच झाला आणि गिरणीत गेला."

मंजूर. अटी: काळा, घडीव,
दगडाला इजा न होता काढता येईल असा.
अकरा नंबरचं कोणी काढलं नाही.
तिथे आता बॉस्टनहून शनिवारी येणारं जोडपं असतं,
पायऱ्या दोन-दोन चढतं.

सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
तळघराचा जिना आम्ही एकामागोमाग चढलो,
सगळे डाव्या हाताने कठडा धरून.
पाइपचा आहे, वरून हिरवा रंग.
परवानगी कोणी दिली होती,
एकदा शोधायला हवं.